आधी ‘बठा’, मग भाकर

आजचं वाचन: इब्री 13:1-3
सोबत वाचा: उत्पत्ती 18:1-8, 1 पेत्र 4:8-10



गेले काही दिवस आपण इब्री पत्राचा बारावा अध्याय वाचत होतो. शेवटी तर आपण सीनाय पर्वतावरून थेट स्वर्गीय यरुशलेमेत पोहोचलो. कधीही न डळमळणारं राज्य, लाखो देवदूत, अग्नीसारखा पवित्र देव. वाचताना अंगावर काटा येतो. आता तेरावा अध्याय उघडल्यावर पुढे काय येईल असं वाटतं? आणखी एखादा दृष्टान्त? स्वर्गाचं वर्णन?

नाही. एवढ्या उंचीवरून लेखक सरळ आपल्या उंबरठ्यावर उतरतो. बंधुप्रेम टिकू द्या. परक्या माणसाला घरात घ्यायला विसरू नका. तुरुंगात असलेल्यांची आठवण ठेवा. बस्स. जणू त्याला म्हणायचंय, ते न डळमळणारं राज्य तुला मिळालंय ना, मग आता दाराची कडी काढ.

मला हे खूप आवडतं. कारण आपली भक्ती बऱ्याचदा हेडफोनमध्ये असते. सकाळी लोकलमध्ये किंवा कंपनीच्या बसमध्ये वचन ऐकतो, स्टेटसला एक ओवी टाकतो, संध्याकाळी वर्शिप लावतो. चांगलंच आहे. पण या तीन ओव्या हेडफोनमध्ये पाळता येत नाहीत. त्यांना दुसरा माणूस लागतो, आणि तोही ओळखीचा नसलेला.

शब्दाच्या आत काय आहे

आपण ‘पाहुणचार’ म्हणतो किंवा ‘आतिथ्य’ म्हणतो. मूळ ग्रीक पत्रात इथे ‘फिलोक्सेनिया’ हा शब्द आहे. ‘फिलो’ म्हणजे प्रेम आणि ‘क्सेनोस’ म्हणजे परका. परक्यावरचं प्रेम. त्याच्या आदल्याच ओवीत ‘फिलाडेल्फिया’ आहे, म्हणजे भावावरचं प्रेम. लेखकाने दोन्ही शब्द मुद्दाम शेजारी ठेवलेत. आपल्या माणसांवर प्रेम करा म्हटल्यावर लगेच पुढच्या दमात तो म्हणतो, पण तिथेच थांबू नका.

म्हणजे मित्रांनो, मामा-मावशीला जेवायला बोलावणं, सेलमधल्या मुलांबरोबर पिझ्झा मागवणं, हे छान आहे, पण ते पहिल्या ओवीत बसतं. दुसरी ओवी अजून बाकी आहे. येशूने लूक 14 मध्ये एका यजमानाला हेच सांगितलं. मित्र, भाऊ, नातेवाईक, श्रीमंत शेजारी यांनाच बोलावशील तर ते तुला परत बोलावतील आणि हिशेब तिथेच मिटेल. ज्यांच्याकडे परतफेडीला काही नाही त्यांना बोलाव.

आणि हे पत्र कुणाला लिहिलंय तेही बघा. दहाव्या अध्यायात (10:32-34) लेखक त्यांना जुने दिवस आठवून देतो. त्यांचा भर लोकांत अपमान झाला होता, त्यांची मालमत्ता लुटली गेली होती. ज्यांचं घर एकदा लुटलं गेलंय, त्यांना तो सांगतोय की घराचं दार उघडं ठेवा! आपण म्हणतो, थोडं सेट होऊ दे, स्वतःचा टू बीएचके होऊ दे, मग लोकांना बोलवू. इब्री लोकांकडे तर असलेलंही गेलं होतं. ख्रिस्ती पाहुणचार उरलेल्यातून करायचा नसतो. तो असलेल्यातून करायचा असतो.

अब्राहाम उन्हात धावला

ओवीच्या शेवटी लेखक म्हणतो की असं करताना काही जणांनी नकळत देवदूतांना घरात घेतलं. हा इशारा अब्राहामाकडे आहे. उत्पत्ती 18 सावकाश वाचा. दिवसाची ऐन उन्हाची वेळ. म्हातारा अब्राहाम तंबूच्या दारात बसलाय. आम्हा खानदेशी माणसांना ही वेळ चांगली ठाऊक आहे. मे महिन्यात दुपारी शिरपूरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा वेळी तीन अनोळखी माणसं समोर उभी. आणि अब्राहाम काय करतो? धावतो. त्यांच्याकडे धावत जातो, मग घाईने तंबूत जातो, मग गुरांकडे धावतो. सगळ्या प्रसंगात पाहुणे निवांत आहेत आणि यजमान पळतोय.

अजून एक गंमत बघा. तो त्यांना म्हणतो, थोडं पाणी आणतो, पाय धुवा, झाडाखाली टेका, भाकरीचा तुकडा आणतो. एवढंच. आणि प्रत्यक्षात? तीन मापं उत्तम पीठ, म्हणजे एका घराला कितीतरी दिवस पुरेल एवढं, कोवळं वासरू, दही, दूध. आमच्याकडेही असंच चालतं. ‘अर्धा कप चहा घेऊन जा’ म्हणत आत घेतात, आणि तासाभराने समोर शेवभाजी, कळण्याची भाकर, ठेचा आणि तळलेले बिबडे येतात. सांगायचं कमी आणि वाढायचं जास्त, ही पद्धत फार जुनी आहे. अब्राहामाइतकी!

पण क्रम लक्षात ठेवा. भाकर नंतर आली. आधी सावली आली, पाय धुवायला पाणी आलं, टेकायला जागा आली. अहिराणीत दारात आलेल्या माणसाला पहिला शब्द असतो ‘या, बठा’. बसा. कोण, कुठले, काय काम, हे सगळं नंतर. ज्याला बसायला सांगितलं, तो आता रस्त्यावरचा उरला नाही. तो या घराचा पाहुणा झाला.

2020 चा आग्रा रोड

या ‘बठा’ची किंमत मला 2020 मध्ये कळली. पुण्याचं ऑफिस बंद होतं आणि मी शिरपूरला घरून काम करत होतो. मुंबई-आग्रा महामार्ग आमच्या शिरपूरजवळूनच जातो. नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, मग पळासनेर, आणि पुढे मध्य प्रदेशची हद्द, बिजासन घाट, सेंधवा. त्या एप्रिल-मे महिन्यात या रस्त्याने मुंबई-नाशिककडचे हजारो मजूर उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहारकडे निघाले होते. कुणी पायी, कुणी सायकलवर, कुणी ट्रकमध्ये उभ्याने. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या रिक्षा पूर्ण कुटुंब घेऊन आग्रा रोडने जाताना मी पाहिल्यात. पुढे हद्दीवर हजारो लोक अडकून पडले, ते तुम्ही तेव्हा बातम्यांत पाहिलं असेल.

रस्त्याकडेच्या गावांनी, देवळांनी, मशिदींनी, मंडळांनी, दुकानदारांनी त्या लोकांना पाणी दिलं, जेवण दिलं. आमच्या गल्लीतल्या बायकांनीही पोळ्या आणि बटाट्याची भाजी करून पाकिटं बांधली. आम्ही पोरं ती घेऊन रस्त्यावर जायचो. तोंडाला मास्क, हातभर अंतर. पाकीट द्यायचं, बाटली द्यायची, पुढचा.

एका दुपारी चाळिशीचा एक माणूस आला. पाकीट घेतलं, आणि कडुलिंबाकडे बोट दाखवून हिंदीत विचारलं, भैया, थोडं बसू का? मग दुसरं विचारलं, मोबाईल चार्ज होईल का, चार दिवस झाले घरी बोललो नाही. आमच्यापैकी एकाने बाजूच्या दुकानातून वायर ओढून त्याचा फोन लावून दिला. तो खाली बसला. जेवण त्याने नंतर उघडलं. आधी फोन चालू झाल्यावर तो बोलला, आणि बोलता बोलता रडला.

मी त्या दिवसापासून मत्तय 25 वेगळं वाचतो. येशू तिथे एक यादी सांगतो. भुकेला होतो, तहानेला होतो, आणि मग म्हणतो की परका होतो आणि तुम्ही मला आत घेतलंत. भूक आणि तहान यांच्या ओळी वेगळ्या आहेत, परकेपणाची ओळ वेगळी आहे. म्हणजे पोट भरलं तरी परकेपणा शिल्लक राहू शकतो. हातात पाकीट असलेला माणूसही परका असतो. त्याला बसायला सांगेपर्यंत.

आणि त्याच अध्यायात दोन्ही बाजूंचे लोक एकच प्रश्न विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? उजवीकडच्यांनाही पत्ता नव्हता! त्यांनी प्रभूला ओळखून दार उघडलं नाही. दार उघडलं, आणि आत आलेला प्रभू निघाला. इब्री पत्रातला ‘नकळत’ हा शब्द इथेही लागू पडतो.

ज्यांनी परकेपण भोगलं त्या रमाबाई

पवित्र शास्त्र परक्यांवर प्रेम करा असं सांगतं तेव्हा बऱ्याचदा एक कारण जोडतं. तुम्हीही मिसर देशात परके होता (लेवीय 19:34, अनुवाद 10:19). देव आधी आठवण करून देतो आणि मग आज्ञा देतो. ज्याला स्वतःचं परकेपण आठवतं, तो दुसऱ्याचं परकेपण ओळखतो.

आपल्या महाराष्ट्रात याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. नाव सगळ्यांना माहीत असतं, पण ही बाजू थोडी बघू. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गंगामूळच्या जंगलात राहायचे. तिथे येणाऱ्या यात्रेकरूंचं, विद्यार्थ्यांचं आतिथ्य करता करता त्यांची मिळकत संपली आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत पायी फिरू लागलं. 1874 च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले, पुढे मोठी बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, दोघं उपाशीतापाशी देशभर चालत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. ज्या घराने पाहुण्यांना सगळं वाढलं, त्याच घरातली मुलगी दारोदार परकी झाली.

1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या ऐकून रमाबाई स्वतः तिथे गेल्या. का गेल्या असतील? दुष्काळात रस्त्यावर असलेल्या मुलीचं काय होतं हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं. त्या स्वतः ती मुलगी होत्या. तिथून त्यांनी सुमारे 300 मुली आणि स्त्रिया आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि इतक्या जणींना शहरात ठेवायला मनाई झाली. मग त्यांनी त्यांना केडगावला आपल्या शेतावर नेलं. मोठी इमारत नव्हती. तात्पुरता निवारा होता, विहीर होती, जमीन होती. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथे राहणाऱ्यांची संख्या 2000 च्या जवळ गेली होती.

आधी इमारत आणि मग पाहुणे, असं झालं नाही. आधी माणसं आली, मग भिंती आल्या. आपण उलट्या क्रमाने विचार करतो, म्हणून आपल्या भिंती तयार होतात आणि माणसं येतच नाहीत.

नव्या करारातही हाच धागा दिसतो. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला आठवा. क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोम सोडायला लावलं म्हणून हे जोडपं करिंथात आलं (प्रे.कृ. 18:2). स्वतःच विस्थापित, तंबू शिवून पोट भरणारे. आणि पौलाला राहायला जागा कुणी दिली? त्यांनीच. पुढे त्यांच्या घरात मंडळी भरायची. पहिली मंडळी चर्चच्या इमारतीत वाढली नाही. ती कुणाच्या तरी पडवीत, कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या वासात वाढली. लुदियाने आग्रह करून पौलाला घरी नेलं म्हणून फिलिप्पैत मंडळीला घर मिळालं. खानदेशातसुद्धा सुवार्ता परक्या पायांनीच आली. स्वीडनची माणसं पश्चिम खानदेशात आली, आपली भाषा शिकली, इथल्या मातीत राहिली. आज मी मराठीत प्रार्थना करतो त्यामागे कुणी तरी परका चालत आला होता, आणि कुणी तरी त्याला बसायला जागा दिली होती.

भाकरी कोण थापतं?

आता एक अवघड गोष्ट. आपल्याकडे पाहुणचाराचं कौतुक घरधन्याला मिळतं आणि चटके घरधनिणीला. “या हो रविवारी जेवायला” म्हणणारा पुरुष हॉलमध्ये पाहुण्यांबरोबर वचनावर चर्चा करतो, आणि आत आई, बायको, बहीण भरीत परतत असतात. त्या सगळ्यांत शेवटी जेवतात. तेही थंड. मग पेत्र म्हणतो तसं कुरकुर न करता पाहुणचार करा, हे वचन नेमकं कुणाला ऐकवलं जातं? तिलाच!

अब्राहामाने साराला पीठ मळायला सांगितलं हे खरं. पण गुरांकडे तो स्वतः धावला, दही-दूध त्याने स्वतः पुढे ठेवलं, आणि पाहुणे जेवत असताना तो झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहिला. शंभरीला टेकलेला, नोकरचाकर असलेला माणूस वाढप्यासारखा उभा होता.

त्याहून मोठं उदाहरण योहान 21 मध्ये आहे. मेलेल्यांतून उठलेला प्रभू तिबिर्याच्या किनाऱ्यावर काय करत होता? त्याने निखारे पेटवले होते. त्यावर मासे ठेवले होते. रात्रभर जाळी ओढून थकलेल्या मुलांना त्याने नाश्त्याला बोलावलं. ज्याच्या हातांत खिळ्यांचे वण होते, त्याने त्या हातांनी भाकर आणि मासे वाढले. तेव्हा भावांनो, प्रभू चूल पेटवू शकतो तर आपण गॅस पेटवू शकतो. मार्थेलाही प्रभूने स्वयंपाकाबद्दल बोल लावला नाही. तिची धावपळ आणि काळजी तिला खात होती, ते त्याने दाखवलं. घरातल्या एकीला मार्था बनवून आपण सगळे मरीया होऊन बसलो, तर तो पाहुणचार प्रभूचा नाही.

वेगळा ग्लास

दुसरी अवघड गोष्ट. आपल्या गावांत पाहुणचार होता, पण सगळ्यांसाठी नव्हता. कुणाला ओटीवर, कुणाला अंगणात, कुणाला वरून ओंजळीत पाणी. ही जुनी गोष्ट आहे असं म्हणायला मला आवडेल, पण पुण्यातल्या सोसायट्यांतही आडनाव विचारून, जेवण विचारून, धर्म विचारून फ्लॅट दिला किंवा नाकारला जातो. मलाही एका ठिकाणी ‘ख्रिश्चन आहात का’ विचारल्यावर दोन दिवसांत कळवतो म्हणाले. फोन आला नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांना हा अनुभव असेल.

‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना लक्ष्मीबाई टिळक आठवतील. सोवळ्याच्या संस्कारांत वाढलेली बाई. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्या त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्या आपलं पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवत. मग विचार करता करता त्यांच्या मनाने घेतलं की ही जात देवाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे. आणि त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. त्यांच्या आयुष्यात ख्रिस्ताचं काम आधी पाण्याच्या भांड्यावर दिसलं.

याकोबाच्या विहिरीवर येशूनेही पाणी दिलं नाही, आधी मागितलं. शोमरोनी बाईच्या भांड्यातलं. पाहुणचाराचा अर्धा भाग म्हणजे पाहुणा होता येणं. लूक 10 मध्ये शिष्यांना पाठवताना तो सांगतो, समोर ठेवतील ते खा. सातपुड्याच्या पायथ्याला आमच्या तालुक्यात पावरा, भिल्ल बांधवांची कितीतरी गावं आहेत. सेवेसाठी तिकडे जाणारे बरेच जण पाण्याच्या सीलबंद बाटल्या आणि डबे घेऊन जातात. तब्येतीचं कारण असेल तर ठीक. पण ज्याच्या घरचं पाणी मी घेत नाही, त्याला मी भाऊ म्हटलं तरी तो मानणार नाही.

मग फसवणूक झाली तर?

हा प्रश्न खरा आहे, आणि पहिल्या मंडळीलाही पडला होता. योहानाच्या दुसऱ्या पत्रात खोट्या शिक्षकाला घरात घेऊ नका असं सांगितलंय. सुरुवातीच्या मंडळीचं ‘डिडाखे’ नावाचं एक छोटं मार्गदर्शक आहे. त्यात नियम असा, की येणाऱ्या प्रेषिताचं स्वागत करा, एक दिवस ठेवा, गरज पडली तर दुसरा, पण तिसऱ्या दिवशीही तो हललाच नाही तर तो खोटा समजा! वाचून हसू येतं. पण बघा, फसवणारे आले म्हणून त्यांनी दार बंद केलं नाही. दाराला नियम लावला.

मी ज्या कामात आहे तिथे फायरवॉल नावाची गोष्ट असते. सुरक्षित सेटिंग म्हणजे सगळ्यांना नाही म्हणायचं आणि यादीतल्यांनाच आत सोडायचं. सर्व्हरसाठी ते बरोबर आहे. माणसासाठी ते हळूहळू मरण आहे. म्हणून शहाणपण ठेवा. एकट्या राहणाऱ्या बहिणींनी अनोळखी माणसाला एकटीने घरी घेऊ नये, चार जणी मिळून करा, चर्चच्या हॉलमध्ये करा, पाळकांना सांगून करा. पण ‘शहाणपण’ हे कायमच्या कुलपाचं दुसरं नाव होऊ देऊ नका.

पाणी अडवा

शिरपूर पॅटर्न तुम्ही ऐकला असेल. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली आमच्या तालुक्यात नाले रुंद आणि खोल केले, त्यावर ओळीने बंधारे बांधले. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत एक अडचण होती. वर पिवळ्या मातीचा थर, तो पाणी खाली जाऊच देत नाही. पाऊस पडायचा आणि वाहून जायचा. तो थर खोदून काढला तेव्हा पाणी खाली मुरलं आणि विहिरी भरल्या. पाऊस आधीही पडतच होता. फक्त थांबत नव्हता.

आपल्या आयुष्यातूनही माणसं अशीच वाहून जातात. लिफ्टमध्ये, मेसमध्ये, उपासनेत मागच्या बाकावर. रोज दिसतात, थांबत नाहीत. कारण आपल्यावर एक कडक थर आहे, कामाचा, दमण्याचा, लाजण्याचा. तो खोदावा लागतो, आणि खोदकाम कष्टाचंच असतं.

मी पुण्यात नवीन होतो तेव्हा चर्चमधले एक वयस्कर जोडपं उपासना संपल्यावर दारात थांबायचं. काकू म्हणायच्या, “चल रे, कुकर लावलाय.” त्यांचं घर एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच. वरण, भात, बटाटा, कधी बोंबील. काका फार बोलायचे नाहीत. जेवण झाल्यावर एक अध्याय वाचायचे, प्रार्थना करायचे, आणि मला डुलकी घ्यायला चटई द्यायचे. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत मी कितीतरी उपदेश ऐकले, आज त्यातले थोडेच आठवतात. पण शहराने मला विश्वासापासून दूर नेलं नाही, त्यात त्या ताटाचा वाटा फार मोठा आहे. आज तुमच्या मंडळीत एखादा पोरगा नंदुरबारहून, शिरपूरहून, चोपड्याहून आलेला असेल. तो उपासना संपल्यावर मोबाईल बघत हळूहळू गेटकडे चालत असेल. त्याला पुढचा उपदेश नकोय. त्याला कुकरची शिट्टी हवी आहे.

या आठवड्यासाठी

1. उपासनेनंतर लगेच निघू नका. दहा मिनिटं थांबा, आणि एकट्या उभ्या असलेल्या एका माणसाचं नाव विचारा.

2. या महिन्यात एकदा अशा कुणाला तरी जेवायला बोलवा जो तुम्हाला परत बोलावू शकणार नाही. खिचडी-पापड चालतो. घर आवरण्यासाठी तारीख पुढे ढकलू नका.

3. घरात कामं आधी वाटून घ्या. भांडी कोण घासणार ते ठरल्याशिवाय निमंत्रण देऊ नका.

4. कुणी तुम्हाला बोलावलं तर जा. ‘कशाला त्रास’ म्हणून टाळू नका. त्यांनी समोर ठेवलेलं खा.

5. तिसरी ओवी विसरू नका. जे येऊ शकत नाहीत, तुरुंगात, दवाखान्यात, अंथरुणावर आहेत, त्यांच्याकडे आपण जायचं.

शेवटी एकच. आपण हे सगळं का करायचं? इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय सांगतो की आपण स्वतः परके होतो, वचनांच्या बाहेर, आशेच्या बाहेर. आणि ख्रिस्ताने आपल्या रक्ताने आपल्याला जवळ आणलं, देवाच्या घरचे केलं. त्याच्या मेजावर आपल्याला कुणी आडनाव विचारलं नाही. तो आपल्यासाठी वेशीबाहेर गेला (इब्री 13:12), म्हणजे आपण आत यावं. जे दार आपल्यासाठी एवढ्या मोलाने उघडलं गेलं, त्यातून आत येऊन आपण ते मागून लोटून घ्यायचं नाही.

प्रार्थना

प्रभू येशू, तू या जगात आलास तेव्हा तुला उतारशाळेत जागा नव्हती. तरी तू आमच्यासाठी पित्याच्या घरी जागा तयार करतोस. आमची घरं लहान आहेत, वेळ कमी आहे, आणि संध्याकाळी आम्ही दमलेले असतो. जे आहे ते तुझ्या हातात देतो. सारफथच्या विधवेच्या मडक्यातलं पीठ तू सरू दिलं नाहीस, आमचंही सरू देऊ नकोस. आज आमच्या वाटेवर जो परका येईल, त्याला ‘बसा’ म्हणायची बुद्धी आम्हाला दे. आणि जे आज रात्री रस्त्यावर आहेत, भाड्याच्या खोलीत एकटे आहेत, तुरुंगात आहेत, त्यांच्याजवळ तू स्वतः बस. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.

उद्याचं वाचन: इब्री 13:4-6